मुतराराच्या लोकांनी बाजू निवडली होती का? (झाम्बेझीकाठच्या एका जिल्ह्याची गोष्ट)

रूळपट्टी

नमस्कार मंडळी. हा धागा बरेच दिवस मनात होता. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत त्या वेळची वही सापडली, म्हणून आज लिहायला बसलो.

२००७ ते २००९ मी मोझांबिकमध्ये सेना रेल्वेमार्गावर कामाला होतो. बेइरा बंदरापासून निघायचं, झाम्बेझी ओलांडायची आणि मोआतिझेच्या कोळसा खाणींपर्यंत जायचं, अशी ही लाइन. तिच्या दुरुस्तीचं आणि ती चालवायचं काम २००४ साली राइट्स आणि इरकॉन या आपल्या सरकारी कंपन्यांच्या गटाकडे आलं होतं, त्यामुळे तिथे भारतीय बरेच. माझा मुक्काम मुतरारा जिल्ह्यात होता.

नकाशात तेते प्रांताचं आग्नेयेकडचं टोक शोधा. दक्षिणेला झाम्बेझी. पूर्वेला मलावीतून उतरणारी शिरे नदी खाली जाऊन झाम्बेझीला मिळते. दोघींच्या बेचक्यात इन्यांगोमाचा सखल, काळ्या मातीचा पट्टा. सीमेपलीकडे मलावीचा न्सांजे जिल्हा. अलीकडे सेना भाषा, पलीकडेही सेनाच. सोयरिकी दोन्हीकडे.

आणि झाम्बेझीवर दोना आना पूल. १९३०च्या दशकात बांधलेला, ३.६७ किलोमीटर लांब. म्हणजे सीएसएमटीहून निघालात तर जवळजवळ भायखळा येईल. समुद्र नसलेल्या न्यासालँडचा, म्हणजे आजच्या मलावीचा, माल बेइराला न्यायला तो बांधला. १९७५ला देश स्वतंत्र झाला, थोड्याच दिवसांत यादवी पेटली आणि १९८०च्या दशकात रेनामोच्या बंडखोरांनी पूल उडवला. लाइन बंद पडली ती २० वर्षांहून जास्त काळ. मधल्या काळात, १९९५ साली, अमेरिकेच्या मदतीने तो मोटारींसाठी एकपदरी करून दिला होता. आम्ही गेलो तेव्हा त्यावर पुन्हा रूळ टाकायचं काम सुरू होतं.

आमच्या टोळीत एक मुकादम होते, साठीच्या आसपासचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "युद्धात तुम्ही कोणत्या बाजूला होतात?" त्यांनी हात लांब करून शिरेच्या पलीकडे दाखवलं आणि म्हणाले, "त्या बाजूला."

मला आधी वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. मग लक्षात आलं की नीट कळला होता.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. या युद्धाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते फ्रेलिमो विरुद्ध रेनामो असंच असतं. मुतराराच्या माणसांनी खरंच बाजू निवडली होती, की बाजू त्यांच्या अंगणात येऊन बसली? आफ्रिकेत राहिलेले, वाचलेले, फौजेतले, कुणीही लिहा.

सुमेधा_वाचते

वाचनखूण साठवली. पण रूळपट्टीदादा, आमच्यासारख्यांसाठी आधी फ्रेलिमो कोण आणि रेनामो कोण ते सांगा ना. मला मोझांबिक म्हटलं की फक्त तुरीची डाळ आठवते.

लाल_माती

सुमेधा, मी प्रयत्न करतो.

फ्रेलिमो म्हणजे पोर्तुगिजांशी १९६४पासून लढलेली मुक्ती आघाडी. २५ जून १९७५ला स्वातंत्र्य मिळालं आणि सामोरा माशेल राष्ट्राध्यक्ष झाले. शेजारी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, तेव्हा गोऱ्यांचं सरकार होतं. माशेल यांनी झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसैनिकांना थारा दिला, ऱ्होडेशियाची सीमा बंद केली आणि त्यात स्वतःच्या देशाचं उत्पन्न बुडवलं. याचा सूड म्हणून ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने रेनामो उभी केली. पहिला सेनापती आंद्रे मात्सांगाइसा. तो १९७९ला गोरोंगोझात मारला गेला, पण त्याच्या नावावरून लोक रेनामोवाल्यांना 'मात्सांगा' म्हणत राहिले. १९८०ला झिंबाब्वे स्वतंत्र झालं आणि रेनामोचा कारभार दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने उचलला. १९८४च्या मार्चमध्ये न्कोमाटीचा करार झाला, एकमेकांच्या बंडखोरांना मदत करायची नाही म्हणून. मदत थांबली नाही.

पूल, रेल्वे, शाळा, दवाखाने, हीच रेनामोची लक्ष्यं होती. कारण उघड आहे. मलावी, झांबिया, झिंबाब्वे यांचा माल बेइराला गेला नाही तर तो दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांतूनच जाणार. दोना आना पूल पडला यात मुतराराच्या कुणाचं भांडण नव्हतं. ते भांडण प्रिटोरियाचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचं होतं. माझं उत्तर स्पष्ट आहे: बाजू बाहेरून आली, बंदुकीसकट.

कोकणकडा

लाल_माती, तपशील बरोबर, निष्कर्ष अर्धा.

बाहेरून आलेली बंदूक १५ वर्षं टिकायला आत काहीतरी लागतं. फ्रेलिमोने स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी केल्या ज्या झाम्बेझी खोऱ्यातल्या शेतकऱ्याला झोंबल्या. एक, गावोगावच्या पारंपरिक मुखियांना, 'रेगुलो' म्हणतात त्यांना, पोर्तुगिजांचे हस्तक म्हणून बाजूला सारलं. त्यातले काही होतेही. पण पावसाची पूजा, जमिनीची वाटणी, पूर्वजांशी बोलणं, हे सगळं त्यांच्याकडूनच व्हायचं. दुसरी, सामुदायिक गावं. विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना एका ठिकाणी आणायचं, म्हणजे शाळा, पाणी, दवाखाना देता येईल. हेतू चांगला असेलही. पण त्याआधी पोर्तुगिजांनी याच तेते प्रांतात गनिमांपासून तोडायला लोकांना 'आल्देआमेंतो' नावाच्या कुंपणाच्या वस्त्यांत कोंडलं होतं. ज्याचं घर एकदा सरकारने उठवलं, त्याला दुसऱ्या सरकारने पुन्हा उठायला सांगितलं तर तो झेंड्याचा रंग बघत बसत नाही.

आणि नदीकाठी विखरून राहण्यात अक्कल आहे. उंचावर एक शेत, पुराच्या काठी दुसरं. पूर आला तर वरचं वाचतं, पाऊस नाही झाला तर खालच्या ओलीवर मका निघतो. सगळ्यांना एका जागी बसवलंत की ही सोय गेली.

१९८२ ते ८४ भयंकर दुष्काळ. देशात लाखभर माणसं उपासमारीने गेली असं मानतात. त्यानंतर रेनामो आली तेव्हा काही मुखियांनी तिला वाट दिली, हे नाकारून चालणार नाही.

लाल_माती

वाट दिली म्हणजे काय, कोकणकडा? १९८८ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासाठी रॉबर्ट गर्सोनी यांनी निर्वासितांच्या मुलाखती घेतल्या, त्यात रेनामोच्या ताब्यातल्या मुलखाचं वर्णन आहे. धान्य जबरदस्तीने न्यायचं, माणसांना डोक्यावर ओझी देऊन दिवसेंदिवस चालवायचं, पळाला तर मारायचं. एक लाखाच्या आसपास नागरिक मारले गेल्याचा त्यांचा अंदाज होता. आणि हे लिहिणारा रेनामोचा शत्रू नव्हता. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रेनामोला मदत करा म्हणणारे पुष्कळ होते, त्यांची तोंडं या अहवालाने बंद झाली.

कोकणकडा

ते मी नाकारत नाही. अत्याचार रेनामोचे जास्त, फार जास्त. मी एवढंच म्हणतोय की सुरुवातीला काहींनी दार उघडलं आणि नंतर पस्तावले, हीसुद्धा त्या जिल्ह्याचीच गोष्ट आहे. ती गाळली तर तिथली माणसं नुसती बाहुली होतात.

म्हापशेकार

देव बरें करूं. या धाग्यावर गोंयकाराने बोलायलाच हवं, कारण या नदीकाठी आमची माणसं २०० वर्षं आधीच पोचली होती, आणि सगळं काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

१७५२पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालायचा. नदीच्या दक्षिण काठावरचं सेना गाव, पुलाचं दुसरं टोक, हे पोर्तुगिजांचं १६व्या शतकातलं ठाणं. झाम्बेझीच्या दोन्ही काठांवर राजाने 'प्राझो' नावाच्या जहागिऱ्या वाटल्या. नियम असा की जहागीर तीन पिढ्यांसाठी, आणि ती बाईच्या नावावर चालायची. या बायकांना 'दोना' म्हणत. पण खरी ताकद जहागीरदाराच्या 'अचिकुंडा'त होती, म्हणजे त्याच्या गुलाम शिपायांत. कर गोळा करणं, हस्तिदंत आणणं, माणसं पकडून विकणं, सगळं त्यांच्याकडून.

गोव्याहून गेलेला गोन्सालो काएतानो परेरा १८व्या शतकात तिथे सोन्याच्या व्यापारात शिरला, आणि त्याच्या वंशजांनी तेतेच्या उत्तरेला माकांगाचं राज्य उभं केलं. आणि मानुएल आंतोनियो द सौझा, लोक त्याला गौव्हेया म्हणत. हा आमच्या म्हापश्याचा. १८३५चा जन्म. विशीही गाठली नव्हती तेव्हा तिकडे गेला, गोरोंगोझाला 'अरिंगा' म्हणजे लाकडी तटबंदीचे किल्ले बांधले, स्वतःची फौज ठेवली, बारुए राज्य गिळायचा प्रयत्न केला. १८९०ला सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने त्याला पकडलं, सुटून आला आणि १८९२ला बारुएच्या लढाईत मारला गेला.

हे का सांगतो? १८८०च्या सुमारास नदीकाठच्या शेतकऱ्याकडे एक खासगी फौज यायची, धान्य मागायची, पोरगा ओझ्याला न्यायची. १९१७ला पोर्तुगिजांनी पहिल्या महायुद्धासाठी हमाल धरून नेले, त्यावरून बारुएचा मोठा उठाव झाला. १९८६ला मात्सांगा आले, त्यांनीही धान्य आणि पोरगाच मागितला. रूळपट्टी, तुमच्या मुकादमाच्या पणजोबानेही 'त्या बाजूला' असंच म्हटलं असतं. पळून नदी ओलांडणं ही त्या खोऱ्यातली फार जुनी विद्या आहे. आणि ज्यांच्यापासून लोक पळाले त्यांत आमचा गौव्हेयाही होता. म्हापश्यात वाढलो, पण मला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. शाळेत कुणी सांगितलं नाही.

रश्मी_कुडाळ

म्हापशेकार, अंगावर काटा आला. किंचित अवांतर: चिकन कॅफ्रियालसुद्धा मोझांबिकहूनच गोव्यात आलं ना? आजी म्हणायची आफ्रिकन शिपायांनी आणलं.

म्हापशेकार

हय, तसंच सांगतात. मिरच्या, लसूण, कोथिंबीर आपली, भाजायची रीत त्यांची. रविवारी करा आणि त्या शिपायांची आठवण काढा.

रूळपट्टी

म्हापशेकार, मनापासून आभार. सेना गावात मी दर आठवड्याला जायचो, पण हे सगळं माहीत असतं तर वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं.

लाल_माती आणि कोकणकडा, तुमच्या वादात एक तारीख घालतो. १९८६. सप्टेंबरमध्ये माशेल, झिंबाब्वेचे मुगाबे आणि झांबियाचे काउंडा मलावीचे राष्ट्राध्यक्ष बांडा यांना भेटले आणि रेनामोला थारा देणं बंद करा म्हणून बजावलं. मलावीने रेनामोच्या तुकड्यांना बाहेर काढलं. त्या बाहेर पडल्या त्या थेट झाम्बेझी खोऱ्यात. १९ ऑक्टोबरला विमान कोसळून माशेल गेले. वर्ष संपायच्या आत मुतरारा, सेना, काइया अशी नदीकाठची गावं एकामागून एक पडली. देशाचे नदीवर दोन तुकडे पाडून समुद्रापर्यंत जायचा रेनामोचा बेत होता. १९८७मध्ये झिंबाब्वे आणि टांझानियाच्या सैन्याच्या मदतीने सरकारने बरीचशी गावं परत मिळवली. म्हणजे एका देशात बैठक झाली आणि दुसऱ्या देशातल्या जिल्ह्यात घरं जळली.

डॉ_परभणीकर

मी तिथे कधी गेलो नाही, पण या लोकांची एक गोष्ट आम्हाला सामुदायिक वैद्यकशास्त्रात शिकवली होती आणि मी ती अजून विद्यार्थ्यांना सांगतो.

१९८९-९० साली मलावीतल्या मोझांबिकी निर्वासितांमध्ये पेलाग्रा पसरला. १८ हजारांहून अधिक रुग्ण. उन्हाचा भाग, म्हणजे मान, हात, पाय, तिथली कातडी काळी पडून सोलवटते, जुलाब लागतात, पुढे भ्रम होतो. कारण ब-३ जीवनसत्त्वाची कमतरता. निर्वासितांचं रेशन मक्याचं. मक्यात हे जीवनसत्त्व असतं, पण बांधलेल्या रूपात, शरीराला मिळत नाही. ते भरून निघायचं भुईमुगाच्या दाण्यांतून. दाण्यांचा पुरवठा तुटला आणि काही महिन्यांत छावण्यांमधून रुग्ण यायला लागले. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी पटीने जास्त.

मी मराठवाड्यातला, म्हणून हे फार जवळचं वाटतं. आपल्या दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांमध्येही पेलाग्रा दिसायचा. हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात त्यावर मोठं काम केलं. आमच्या वॉर्डात जुने डॉक्टर अशा रुग्णाचे हात बघून विचारायचे, "भाकरीसोबत काय खाता?" उत्तर बहुतेक वेळा मीठ-मिरची.

गोळी न लागता युद्ध माणसाला कसं मारतं ते यात दिसतं. त्या बाईने कुठलीही बाजू घेतली नव्हती. तिच्या पोत्यात मूठभर शेंगदाणे नव्हते, एवढंच.

सुमेधा_वाचते

डॉक्टर, हे वाचून आत जाऊन दाण्याचा डबा बघून आले. का ते सांगता येणार नाही.

ब्लांटायरकर

नमस्कार. मी वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणापासून मलावीत. इथे भारतीयांना 'अम्वेन्ये' म्हणतात. न्सांजेला आमच्या ओळखीतल्यांचं दुकान होतं, सुट्टीत आम्ही तिकडे जायचो, त्यामुळे १९८७ ते ९२ मी शाळकरी वयात पाहिलेलं आहे.

१९९२च्या सुमाराला मलावीत १० लाखांवर मोझांबिकी होते. मलावीची लोकसंख्या तेव्हा ९०-९५ लाख. म्हणजे दर दहा माणसांमागे एक पाहुणा, आणि देश जगातल्या सर्वांत गरिबांपैकी. न्सांजेत तर काही भागांत पाहुणेच जास्त दिसायचे. न्यामिथुथु नावाची छावणी डोंगराच्या पायथ्याला, जिथवर नजर जाईल तिथवर गवताच्या झोपड्या. तिथे पटकीच्या साथीही आल्या. जळणासाठी टेकड्या उघड्या झाल्या आणि त्याबद्दल इथले लोक कुरकुरायचे. पण माणसं हाकलली नाहीत. गावच्या मुखियाने जमिनीचा तुकडा दाखवायचा, इथे बांधा म्हणायचं. रूळपट्टींनी लिहिलंय ना सोयरिकी दोन्हीकडे, त्याचा अर्थ हा.

एक गोष्ट डॉक्टरांसाठी. रेशन पुरायचं नाही तेव्हा बायका शिरेच्या दलदलीत उतरून 'न्यिका' काढायच्या. पाणकमळाचे कंद. उकडून खातात, थोडे तुरट लागतात. इथले सेना लोक टंचाईत आजही खातात. कमरेइतक्या पाण्यात पायाने चाचपून कंद शोधायचा, आणि पाण्यात मगरी. एक बाई उतरली की दुसरी काठावर उभी राहून पाण्यावर काठी आपटत राहायची.

आणि सीमेजवळचे पुरुष दिवसा नदी ओलांडून जायचे, आपल्याच शेतात निंदणी करून संध्याकाळी परत. दोन्ही फौजांना चुकवून. त्यातले काही परत यायचे नाहीत. ही माणसं कुणाची? सरकार म्हणायचं रेनामोला धान्य पोचवतात, रेनामो म्हणायची हेर आहेत.

आजोबा_दापोली

ब्लांटायरकर, १९७२च्या दुष्काळात आमच्याकडे सुकडी आणि मिलो ज्वारी वाटत होते ते आठवलं. तेव्हा सीमा ओलांडावी लागली नाही, हे किती मोठं भाग्य होतं ते आज कळतंय.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. मी इंजिनिअर्समध्ये होतो. १९९२च्या ४ ऑक्टोबरला रोममध्ये शांतता करार झाला, राष्ट्राध्यक्ष शिस्सानो आणि रेनामोचे ढ्लाकामा यांच्यात. सान्त'एजिदिओ नावाच्या कॅथलिक संघटनेने आणि बेइराच्या आर्चबिशपांनी दोन वर्षांहून जास्त काळ बोलणी चालवली होती. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली, त्यात भारतीय तुकड्याही होत्या, मुख्यतः इंजिनिअर, रसद आणि मुख्यालयाच्या. माझ्या ओळखीचे काही जण गेले होते. सेनापतीचं पद आधी ब्राझीलच्या आणि नंतर बांगलादेशच्या जनरलकडे होतं.

ते परत आल्यावर सांगायचे ते गोळीबाराचं नव्हतं. ४९ ठिकाणी छावण्या करून दोन्हीकडचे सैनिक जमवायचे, बंदूक जमा करायची, नाव लिहून घ्यायचं, साधे कपडे द्यायचे. सगळे मिळून ७५ हजारांच्या वर माणसं मोकळी केली. त्यांना दोन वर्षं भत्ता दिला, म्हणजे लगेच भुकेपोटी परत बंदूक उचलणार नाहीत. माझ्या मित्राचं म्हणणं होतं की पोरं १०-१२ वर्षांची असताना धरून नेलेली, आता विशीत. नाव विचारलं तर लढाईतलं टोपणनाव सांगायची. घरचं नाव सांगायला वेळ लागायचा.

धागाकर्त्याच्या प्रश्नावर फौजी म्हणून सांगतो. बाजू निवडायला आधी वय लागतं.

कोकणकडा

सुभेदार काका, शेवटच्या वाक्याला उत्तर नाही माझ्याकडे.

पण मला एका आकड्याचं उत्तर हवंय. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये पहिली निवडणूक झाली. शिस्सानो ५३ टक्के मतांनी जिंकले, संसदेत फ्रेलिमो १२९, रेनामो ११२. आणि ज्या मधल्या प्रांतांत सगळ्यात जास्त जाळपोळ झाली, तेते, सोफाला, झाम्बेझिया, तिथे रेनामोला जास्त मतं. लाल_माती, बाहेरून आलेली बाजू असती तर बाहेरचे गेल्यावर मतं का पडली?

लाल_माती

रात्रभर विचार केला. भीती हे एक उत्तर आहे: हरले तर पुन्हा जंगलात जातील. पण ते पुरत नाही, हे मान्य करतो. गुप्त मतदान होतं, शांतिसेना उभी होती. मधल्या प्रांतांना राजधानी मापुतो फार लांब, सत्ता दक्षिणेकडच्यांची असा जुना राग. बरीच मतं त्या रागाची असणार. तुमचा मुद्दा मी सुरुवातीला हलका घेतला होता, चुकलं.

कोकणकडा

आणि मीही 'वाट दिली' हे फार सहज लिहून गेलो. ब्लांटायरकरांचं निंदणीचं वाचल्यावर ते शब्द बोचले.

पायवाट

सुरुंगांबद्दल कुणीच लिहिलं नाही. पूल, विजेचे खांब, विहिरी, दवाखान्याचं आवार, दोन्ही बाजूंनी पेरले होते. लोक परतले तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न तोच. २०१५च्या सप्टेंबरमध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला, म्हणजे करारानंतर २३ वर्षांनी. शोधायला माणसं, यंत्रं आणि काही भागांत शिकवलेले मोठे उंदीर वापरले. उंदीर हलका, सुरुंगावर चढला तरी तो फुटत नाही. वास आला की जमीन उकरतो आणि बक्षीस म्हणून केळं खातो.

रश्मी_कुडाळ

केळं खाणाऱ्या उंदराने माणसांचे पाय वाचवले! मुलाला वाचून दाखवलं, त्याने तीनदा पुन्हा वाचायला लावलं.

सुमेधा_वाचते

मला एक खुपतंय. एवढं सगळं झाल्यावर कुणाला शिक्षा?

रूळपट्टी

नाही. करारानंतर लगेच सर्वांना माफी देणारा कायदा झाला. दक्षिण आफ्रिकेसारखा सत्यशोधन आयोगही नाही. गावांनी आपापल्या पद्धतीने निभावलं. गोरोंगोझाकडे लोक 'गाम्बा' मानतात, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकाचा आत्मा अंगात येतो आणि आपल्यावर काय अन्याय झाला ते सगळ्यांसमोर बोलतो. मग दोन्ही कुटुंबं बसून फेड ठरवतात. कोर्टात जे बोललं गेलं नाही, ते तिथे बोललं जातं.

तेवढ्याने सगळं मिटलं असं नाही. २०१३ ते १६ पुन्हा चकमकी झाल्या. तेतेच्या मोआतिझे भागातले १० हजारांहून जास्त लोक पुन्हा मलावीत, कापिसेला. २०१९ला नवा करार झाला. मधल्या काळात त्याच मुलखातल्या कोळशासाठी जगभरचे पैसे आले, आज तिथल्या मोठ्या खाणी भारतीय कंपन्यांकडे आहेत. मी टाकलेल्या रुळांवरून तो कोळसा दोना आना ओलांडून बेइराला जातो. मला याचा आनंद आहे, आणि गाडी जाताना बाजूच्या पट्टीवर सायकल घेऊन उभा राहणारा माणूसही डोळ्यांसमोर येतो. त्या गाडीत त्याचं काही नसतं.

ब्लांटायरकर

तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मोझांबिकच्या निवडणुकीवरून दंगे पेटले, २३ डिसेंबरला न्यायालयाने निकाल कायम केल्यावर आणखी भडकले. नाताळच्या आठवड्यात शेकडो कुटुंबं होड्यांतून शिरे ओलांडून न्सांजेत आली. काही दिवसांत आकडा हजारोंत गेला. त्यांना कुठे ठेवलं? न्यामिथुथुला. तीच जागा.

त्यात म्हाताऱ्या बाया होत्या ज्यांनी ती जागा ओळखली असणार. तिशीत एकदा आल्या, साठी उलटून पुन्हा. यावेळी रेनामोही नव्हती. दोन बाजूंची नावं बदलली, होडी तीच.

डिसेंबर म्हणजे इकडे मका गुडघ्याएवढा झालेला असतो. निंदणीचे दिवस.

म्हापशेकार

काय बोलायचं. मेणबत्ती लावतो आज.

रूळपट्टी

ब्लांटायरकर, हे माहीत नव्हतं. कुणी परतल्याची बातमी कळली तर इथे लिहा, मी वाट बघतो.

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं हललं. मुकादमांनी बाजू निवडली नाही असं मी समजत होतो. आता वाटतं, त्यांनी निवडली होती. बायकोमुलं आणि शेत, ही त्यांची बाजू. तिच्यासाठी त्यांनी फ्रेलिमो, रेनामो, मलावी, सगळ्यांना चुकवलं. त्याला आपण नुसतं पळणं म्हणतो.

वहीतलं एक पान इथे उतरवतो, मग थांबतो. मुकादम १९९३च्या ऑक्टोबरमध्ये परतले. चालत, डोक्यावर पत्र्याचे दोन तुकडे आणि बियाण्याची पुरचुंडी. घराची जागा सापडेना, गवत डोक्यावर गेलेलं, सुरुंगाच्या भीतीने वाट सोडता येत नव्हती. वडिलांनी लावलेलं आंब्याचं झाड तेवढं ओळखू आलं, त्यावरून अंगण कुठे होतं ते काढलं. मी विचारलं, झाडाला काही होतं का? म्हणाले, कैऱ्या होत्या. पोरांनी त्या झाडाखाली बसून मीठ लावून खाल्ल्या, आणि धाकट्याने विचारलं, हे कुणाचं झाड आहे?